तूप गुलाबी झालं नाही, म्हणून ते तूप ठरत नाही

वाचकाचं पत्र

दादा, नमस्कार.

आम्ही निपाणी तालुक्यातल्या अकरा बायका मिळून बचत गट चालवतो. बेसनाचे-रव्याचे लाडू, चिवडा, शंकरपाळ्या करतो. दिवाळीला ऑर्डरी भरपूर असतात. गेली चार वर्षं आठवडी बाजारात बसणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून तुपाचा पंधरा किलोचा डबा घेतोय. माणूस कागलकडचा, बोलायला गोड, उधारीही देतो. दुकानातल्या ब्रँडच्या तुपापेक्षा किलोमागे दीडशे रुपये कमी पडतात.

यंदा गणपतीत एका जुन्या गिऱ्हाइकाने लाडू परत आणून दिले. म्हणाली, "अक्का, ह्याला तुपाचा वासच नाही, टाळूला मेण चिकटल्यागत होतंय." माझ्या लेकीने मोबाइलवर बघून तूप तपासलं. आयोडीन टाकलं, निळं झालं नाही. बाथरूमचं अ‍ॅसिड आणि साखर घालून हलवलं, गुलाबी झालं नाही. म्हणजे तूप चांगलंच म्हणायचं ना? पण मनाला पटत नाही.

व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "माल महाराष्ट्रातला, कर्नाटकात तक्रार करून काय होणार? आणि केलीत तर आधी तुमचेच लाडू पकडतील." गटातल्या दोघी म्हणतात, त्याचा फोटो आणि नाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू या. अर्धा डबा शिल्लक आहे, ऑर्डरी घेऊन बसलोय. काय करू? आणि सरकार ह्यात खरंच काही करतं, की सणासुदीला पेपरात फोटो येण्यापुरतंच?

— एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर

अक्का,

तो अर्धा डबा आधी झाकण लावून बाजूला ठेवा. वापरू नका, फेकू नका आणि काही झालं तरी व्यापाऱ्याला परत देऊ नका. तो उद्या "बदलून देतो" म्हणत येईल, बघा. डब्यावरचं लेबल, बॅच नंबर, तारीख यांचे फोटो काढून ठेवा. पैसे फोनवरून दिले असतील तर ती नोंद, चिठ्ठी असेल तर चिठ्ठी, सगळं एका पाकिटात घाला. आणि लेकीला सांगा, बाथरूमच्या अ‍ॅसिडशी पुन्हा खेळू नकोस. डोळ्यात उडालं तर तुपाचं राहील बाजूला.

आता तिने केलेल्या परीक्षांकडे येतो. पोरगी हुशार आहे, दोन्ही परीक्षा खऱ्या आहेत. फक्त त्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतात हे त्या व्हिडिओवाल्याने सांगितलेलं नसतं.

आयोडीन निळं होतं ते पिठूळपणाने. उकडलेला बटाटा, रताळं कुस्करून तुपात घातलं असेल तर कळतं. अशी भेसळ करणारा आता भेटला तर मला त्याची दयाच येईल. दुसरी परीक्षा जास्त मजेची आहे, कारण ती सरकारनेच रचून ठेवली आहे. वनस्पती तूप, म्हणजे आपण ज्याला सरसकट डालडा म्हणतो, ते साजूक तुपात खपवलं जाऊ लागलं. दिसायला सारखं, रवाळही सारखं. तेव्हा वनस्पती बनवणाऱ्यांना कायद्याने सांगितलं गेलं की तुमच्या मालात तिळाचं तेल घालायचंच. का? तर तिळाच्या तेलातला एक घटक अ‍ॅसिड आणि साखरेबरोबर गुलाबी-लाल रंग देतो. तुपात डालडा असेल तर डालड्यातलं तीळ बोलतं. चोराच्या गळ्यात आधीच घंटा बांधून ठेवली होती म्हणा ना. भेसळीविरुद्ध सरकारने काय केलं असं विचारता, तर मला हे उत्तर अजूनही सगळ्यात आवडतं. छापा नाही, भाषण नाही, नुसतं थोडं तिळाचं तेल.

पण घंटा त्या एकाच चोराच्या गळ्यात. साध्या पाम तेलात तीळ नसतं. तुमच्या डब्यात पाम तेल किंवा दुसरी कुठली चरबी असेल तर मिश्रण गुलाबी होणारच नाही. लेकीच्या परीक्षेने एवढंच सांगितलं की ह्यात बटाटा नाही आणि डालडा नाही. हे तूप आहे, असं काही तिने सांगितलं नाही.

हे मला कळतं कारण मी बारा वर्षं गावच्या दूध डेअरीवर फॅट लावत, म्हणजे दुधातली चरबी मोजत होतो. त्याआधी दुधाची घनता मोजणारा नुसता लॅक्टोमीटर असायचा, त्याच्या आकड्याला आम्ही 'डिग्री' म्हणायचो. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण दुधावरची साय काढून घेतली की डिग्री चढते. मग शहाणे लोक आधी साय काढायचे, मग बेताने पाणी घालायचे. डिग्री जिथल्या तिथे! घरात लोणी, डेअरीत दूध, दोन्हीकडून पैसे. पुढे फॅटवर भाव सुरू झाला तशी ही कला संपली आणि नव्या कला आल्या. डिग्रीला मीठ-साखर, एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाला, युरिया. भेसळ करणारा परीक्षेचा अभ्यासक्रम बघून अभ्यास करतो, अक्का. तुम्ही काय तपासता हे कळलं की तो तेवढंच सांभाळतो.

चीनमध्ये २००८ साली हेच झालं, फार भयंकर रीतीने. दुधातलं प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे त्यातला नायट्रोजन मोजायचा. मेलामाइन ह्या प्लॅस्टिकच्या धंद्यातल्या रसायनात नायट्रोजन खच्चून असतो. पाणी घातलेल्या दुधात ते मिसळलं की मशीन म्हणतं, वा, प्रोटीन भरपूर. बाळांच्या दूध पावडरमध्ये ते गेलं. सहा बाळं दगावली, जवळजवळ तीन लाख लेकरं आजारी पडली. आणि कागदावर ते दूध तोवर 'पास' होत होतं. पुढच्याच वर्षी चीनने अन्नसुरक्षेचा नवा कायदा केला, पण आयाबाया कित्येक वर्षं परदेशी डबेच शोधत राहिल्या. विश्वास कायद्याबरोबर परत येत नाही, मागून रांगत येतो.

म्हणून मी तपासायच्या आधी हिशेब करतो. म्हशीच्या दुधाला साडेसहा फॅट लागली तर एक किलो तुपाला साधारण पंधरा लिटर दूध लागतं. गाईच्या चार फॅटच्या दुधाला पंचवीस लिटर. मोठ्या डेअरीला सायीखालचं दूध वेगळं विकता येतं, पावडर करता येते, त्यामुळे सगळा खर्च तुपावर पडत नाही, हे मान्य. पण ते ज्यांना जमतं त्या ब्रँडपेक्षाही हा माणूस दीडशे रुपयांनी खाली विकतो, वर गाडीभाडं सोसतो, वर उधारी देतो. त्याच्या गोठ्यात कामधेनू बांधली आहे का, हे चार वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. रागावू नका. दीडशे रुपये वाचत असले की आपल्या सगळ्यांचंच नाक बंद होतं.

तरीही ते तूप खोटंच आहे असं मी म्हणत नाही. ते म्हणायचा अधिकार प्रयोगशाळेचा. तिथे तुपातल्या आम्लांची कुंडली मांडतात. दुधाच्या चरबीत काही छोटी, उडून जाणारी आम्लं असतात, तुपाचा वास बराचसा त्यांचाच. दुसरं तेल मिसळलं की त्यांचं प्रमाण घसरतं. शिवाय वनस्पतीच्या तेलात बीटा-सिटोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, जनावराच्या चरबीत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल. तुपात सिटोस्टेरॉल सापडला की ते तेल कुठल्या झाडाचं हा पुढचा प्रश्न, पण गाय-म्हशीचं नाही हे नक्की. एक गंमत सांगतो. भेसळीच्या जुन्या कायद्यातल्या तुपाच्या तक्त्यात बेळगाव जिल्ह्याची ओळ बाकीच्या कर्नाटकापासून वेगळी होती. जनावर काय खातं, सरकी किती, चारा कुठला, ह्यावर तुपाचे आकडे हलतात. म्हणजे आपल्या भागातल्या म्हशींनी कायद्यात स्वतःची ओळ मिळवली होती. आपल्याला एवढंही जमलेलं नाही!

आता सीमेचा प्रश्न. व्यापाऱ्याने तुम्हाला जे सांगितलं ते आपल्या भागात हमखास खपतं, कारण सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की सगळंच बदलतं असं आपल्या डोक्यात बसलंय. अन्नाचा कायदा बदलत नाही. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा देशभर एकच आहे, २०११ पासून तो अमलात आहे आणि १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा त्याने मोडीत काढला. माल कुठेही तयार झालेला असो, तुमच्या बाजारात विकला जात असेल तर तुमच्या जिल्ह्याचा अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेऊ शकतो. मूळ कारखाना पलीकडे असेल तर त्याबद्दलचं पत्र इथल्या कार्यालयाकडून तिकडच्या अन्न व औषध प्रशासनाला जातं. ते काम त्यांचं, तुमचं नव्हे.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर आहे का बघा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. त्यापुढचे दोन आकडे राज्याचे, कर्नाटकाला १२ आणि महाराष्ट्राला १५. तिथे ०० असेल तर केंद्राचा परवाना. त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. आपल्यासारख्या काठावरच्या लोकांना हे पाठ असायला हवं. माणूस म्हणतो माल कागलचा, आणि नंबर भलत्याच राज्याचा निघाला तर गोष्ट तिथेच उलगडायला लागते. नंबर एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर घालून बघता येतो. नावच निघालं नाही किंवा मसाल्याच्या कंपनीचं निघालं तर काय समजायचं ते समजा. मात्र नंबर खरा निघाला म्हणून तूप खरं असं नाही. गाडीला नंबरप्लेट आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणखी एक. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थाच्या बिलावर हा नंबर लिहिणं सक्तीचं आहे. तुमच्याकडे बिल आहे का? मला वाटतं नाही. असतं तर पत्रात लिहिलं असतंत.

तक्रारीचे दोन रस्ते आहेत. पहिला, जिल्ह्याच्या अंकित अधिकाऱ्याकडे, म्हणजे अन्नसुरक्षेसाठी नेमलेल्या जिल्ह्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जायचं. 'अंकित अधिकारी' हा कन्नड शब्द आहे, कार्यालयात हाच चालतो. अन्नसुरक्षा अधिकारी येऊन व्यापाऱ्याच्या मालातून पैसे देऊन नमुना घेईल, त्याचे चार भाग करून सील करेल. एक भाग विश्लेषकाकडे, दोन अंकित अधिकाऱ्याकडे, आणि व्यापाऱ्याने मागितलं तर चौथा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. तुमचा फोडलेला अर्धा डबा ह्या कामाला कमी उपयोगी, कारण त्यात तुम्ही काही मिसळलं नाही हे कोण सांगणार? म्हणून व्यापाऱ्याकडे माल असतानाच तक्रार झाली पाहिजे, बाजाराच्या आधी दोन-चार दिवस.

दुसरा रस्ता फारसा कुणाला माहीत नाही. ह्याच कायद्याच्या कलम ४० प्रमाणे विकत घेणारा कुणीही स्वतः अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. फी भरावी लागते, पण माल कायद्याविरुद्ध निघाला तर ती परत मिळते. अट एकच. विकत घेतानाच विकणाऱ्याला सांगायचं की हे मी तपासायला देणार आहे. पुढच्या बाजारी जाऊन एक किलो घ्या आणि हे वाक्य शांतपणे म्हणा. त्याचा चेहरा बघा. निम्मा अहवाल तिथेच मिळेल.

अर्ज मराठीत द्यायचा की कन्नडमध्ये, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. हक्क आहे, तो सोडा असं मी कधी म्हणणार नाही. पण दिवाळी तोंडावर आहे आणि अर्ज ज्याच्या टेबलावर जाणार त्याला तो आजच्या आज वाचता आला पाहिजे. गटातल्या कुणाची पोरं कन्नड शाळेत असतीलच. एक बाजू मराठी, एक बाजू कन्नड, असा अर्ज द्या आणि पोच घ्या. तुपाची लढाई तुपापुरती ठेवा. जायला जमत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

"आधी तुमचेच लाडू पकडतील." व्यापाऱ्याचं हे वाक्य धमकी म्हणून वाईट आहे, पण अर्धं खरं आहे, आणि ह्याच ठिकाणी मला तुमची जास्त काळजी वाटते. कायद्याच्या नजरेत तुम्ही नुसतं गिऱ्हाईक नाही, विकणाऱ्याही आहात. पाकिटावर 'साजूक तुपातले' लिहिलं असेल आणि आत ते नसेल तर फसवणूक तुमच्या नावावर लागते, जाणूनबुजून केली नसली तरी. त्यातून सुटायला कायद्यात वाट आहे, पण ती कागदावरून जाते. शक्य ती सगळी खबरदारी घेतली होती हे तुम्हाला दाखवावं लागतं. परवानाधारकाकडून बिलावर माल घेतला, मालाच्या शुद्धतेची लेखी हमी घेतली, शंका आल्याबरोबर वापर थांबवला, गिऱ्हाइकांना कळवलं, स्वतःहून अधिकाऱ्याकडे गेलो. ह्यातलं शेवटचं तिन्ही तुम्हाला आजही करता येतं. आणि विकलेला माल नियमाबाहेरचा असावा असं वाटलं की तो स्वतःहून मागे घ्यायचा, हे तर कलम २८ तुम्हाला सांगतंच. गणपतीत कुणाकुणाला लाडू गेले त्याची वही असेल. आज संध्याकाळपासून फोन सुरू करा.

गटाची नोंदणी आहे ना? नसेल तर अर्जाच्या आधी ती करा. वर्षाला शंभर रुपये लागतात. शंभर रुपयांसाठी त्या गोड बोलणाऱ्याच्या हातात काठी देऊ नका.

शिक्षेचं थोडक्यात सांगतो, कारण 'फाशी द्या' म्हणणारे फार झालेत. तुपात खाण्याचं तेल मिसळणं ही चोरी आहे, बहुतेक वेळा विष नव्हे. असा माल 'कमी प्रतीचा' ठरला तर पाच लाखांपर्यंत दंड, दिशाभूल करणाऱ्या लेबलला तीन लाखांपर्यंत, आणि हे खटले कोर्टात न जाता अप्पर जिल्हाधिकाऱ्यांसमोर चालतात. तब्येतीला धोका असेल, जीव गेला असेल, तिथे तुरुंग आहे, जन्मठेपेपर्यंत. तुमच्या गिऱ्हाइकांना भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग वेगळा. २०१९ च्या कायद्याने आता ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो, विकणारा नाक्यापलीकडचा असला तरी, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तुम्ही स्वतः व्यापाऱ्यावर दावा लावलात तर तो म्हणेल, ह्या ग्राहक नाहीत, धंद्यासाठी माल घेत होत्या. पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला धंदा कायद्याने त्यातून वगळलाय. अकरा बायकांचा गट त्यात बसतो असं मला वाटतं, तरी एकदा वकिलाला विचारा.

आता व्हॉट्सअ‍ॅप. नको. बदनामीचा दावा येईल हे एक, पण माझं कारण निराळं आहे.

डेअरीवर असताना एका विधवेच्या दुधाला सलग दहा दिवस फॅट लागेना. एकच म्हैस, रोजचं तीन-चार लिटर दूध. मी आणि आमच्या सेक्रेटरींनी ठरवूनच टाकलं, बाई पाणी घालते. फळ्यावर नाव लिहिलं. तेव्हा आमचा फळा म्हणजेच व्हॉट्सअ‍ॅप. अकराव्या दिवशी तिच्या शेजारणीने मला सकाळी धार काढायच्या वेळी गोठ्यात नेलं. म्हैस पान्हा चोरत होती, म्हणून ती आधी धार काढून घ्यायची आणि शेवटची धार रेडकाला सोडायची. दुधाची बरीचशी मलई त्या शेवटच्या धारेत असते. पहिली धार पाण्यासारखी पातळच. बाईने थेंबभर पाणी घातलं नव्हतं, तिचं रेडकू तेवढं गुटगुटीत होत होतं. मी फळा पुसला. पण नंतर कितीतरी दिवस बायका तिच्या चरवीत डोकावून बघायच्या. तिने दुसऱ्या वर्षी म्हैस विकली.

नमुन्याचे चार भाग का करतात, विकणाऱ्याला अहवालाविरुद्ध तीस दिवसांत अपील का देतात, हे मला त्या दिवशी समजलं. चोरालाच सवलत देतायत असं तेव्हा वाटतं. ती सवलत त्या बाईसाठी असते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सरकार काही करतं का. करतं, पण बहुतेक वेळा मेल्यावर. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, साठाहून जास्त माणसं गेली, तेव्हा कुठे सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर बंधनं आली. आपल्याकडचंच बघा. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरी आणि म्हातारीचे केस ह्यांतल्या घातक कृत्रिम रंगांवर बंदी घातली. त्याआधी गोबीचे १७१ नमुने तपासले होते, १०७ मध्ये असे रंग सापडले. म्हातारीच्या केसांच्या २५ पैकी १५ नमुन्यांत. त्यातला रोडामाइन-बी तर कापड रंगवायचा. चार महिने आमच्या कोपऱ्यावरचा गोबी फिकट झाला होता. पोरं म्हणायची चव गेली. मग हळूहळू गाल लाल व्हायला लागले त्याचे. बंदी घालायला एक सही पुरते, ती टिकवायला दर आठवड्याला कुणीतरी गाड्यापाशी जाऊन उभं राहावं लागतं. तेवढी माणसं खात्याकडे दिलेली नाहीत, हा माझा त्यांच्यावरचा नव्हे, त्यांच्या वरच्यांवरचा राग आहे.

दुसरा राग वेळापत्रकाचा. दिवाळीच्या आठवड्यात नमुना घेतला, कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत अहवाल आला, तरी लाडू पोटात गेलेले असतात. खवा, तूप, बेसन ह्यांचे नमुने श्रावणातच घ्यायला हवेत, आणि कुठल्या बॅचचा नमुना नापास झाला ते निपाणीच्या बाजारात नि कागलच्या बाजारात एकाच दिवशी फळ्यावर लागायला हवं. (हो, फळ्यावर. पण अपिलाची मुदत संपल्यावर.)

तिकडे युरोपात २०१३ साली बीफच्या बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडलं. आयर्लंडच्या तपासणीत एका बर्गरमध्ये तर २९ टक्के. खाऊन कुणी आजारी पडलं नाही, तरी लोक चवताळले, कारण खोटं बोललं गेलं होतं. मग ब्रिटनने चौकशी बसवली आणि २०१४ च्या अहवालानंतर अन्नातल्या गुन्ह्यांसाठी वेगळं पथकच उभारलं. ते नुसते नमुने घेत फिरत नाही, पोलिसांसारखी माहिती गोळा करतं. कुठला माल अचानक स्वस्त झाला, कोण कुणाकडून घेतं. म्हणजे मी वर तुपाचा जो हिशेब केला तोच, मोठ्या टेबलावर. आपल्याकडे तिरुपतीच्या लाडवातल्या तुपावरून गदारोळ झाला तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआय, राज्य पोलीस आणि एफएसएसएआयचा माणूस असं एकत्र पथक नेमलं. तसं पथक नेहमीचं असायला काय हरकत आहे?

आणि सगळंच बनावट आहे असंही मनात घेऊ नका. २०१८ मध्ये एफएसएसएआयने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. भेसळीचे म्हणून सापडले फक्त बारा. त्याहून कितीतरी जास्त, ३६८ नमुन्यांत, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष मर्यादेबाहेर होतं. ते बुरशी लागलेल्या चाऱ्या-पेंडीतून दुधात उतरतं. आपण घरोघरी युरिया शोधत बसलो होतो आणि खरं दुखणं पेंडीच्या ओल्या पोत्यात होतं. ह्यावर एकही व्हिडिओ फिरताना मी पाहिला नाही.

दिवाळीच्या ऑर्डरींचं असं करा. तूप विकत घेऊ नका, लोणी घ्या. तुमच्या आसपास ज्यांच्या दावणीला म्हशी आहेत आणि ज्यांचा गोठा तुम्ही डोळ्यांनी बघू शकता, अशा दोन-तीन घरांतून. गटात बसून स्वतः कढवा, बेरी निघेल ती पोरांना साखर घालून द्या. महाग पडेल. लाडवाचा भाव वाढवा आणि का वाढवला ते स्पष्ट सांगा. काही ऑर्डरी जातील. जमत नसेल तर पाकिटावरचं 'साजूक तुपातले' पुसा आणि तेलातले लाडू तेलातले म्हणून विका, त्यात कमीपणा काही नाही.

आणि पहिली कढ उतरली की वाटीभर तूप घेऊन त्या बाईकडे जा, जिने लाडू परत आणून दिले. तिला वास घ्यायला लावा. ती हो म्हणाली तरच बेसन भाजायला घ्या.

— तुमचा दादा